ज्याच्या काळात मी थांबलेले होते

मित्रांनो, मी एक जुने लंबकाचे घड्याळ आहे. आयुष्यभर मी वेळ मोजण्याचे एकच काम केले. तरीही एका राजाने किती काळ राज्य केले, असे कोणी विचारले तर मला उत्तर देता येत नाही. घड्याळाला वेळ सांगता येऊ नये, हे कसे घडले असेल?

उत्तरेकडच्या एका थंड खाडीकाठी, रोस्कवेन नावाच्या लहानशा राज्यात माझा जन्म झाला. ओकच्या लाकडाचा माझा देह, पितळेची चाके आणि दोऱ्यांना टांगलेली शिशाची दोन वजने. वजने सावकाश खाली उतरतात, तोवर मी चालते. कारागिराने मला राजवाड्याच्या लांब दालनात, बंदराकडच्या खिडकीसमोर उभे केले.

या राजवाड्याची एक रीत होती. राजा वारला की माझी वजने काढून ठेवायची. नव्या राजाने राज्याभिषेकानंतर ती स्वतःच्या हाताने अडकवायची. त्यामुळे इथली माणसे ‘अमका गादीवर बसला’ असे म्हणतच नसत. ‘अमक्याने घड्याळ चालवले’, असे म्हणत.

राजपुत्र आल्व्हार नाजूक छातीचा होता. हिवाळ्यात त्याला बाहेर पाठवत नसत, म्हणून तो माझ्यापाशी खेळे आणि माझ्या दाराला कान लावून बसे. त्याची थोरली बहीण सोल्वेग त्याला चिडवी, “त्याला काय ताप आलाय, एवढं तपासतोयस ते?”

“ताई, हे न थांबता श्वास घेतं,” तो म्हणे.

तो काय ऐकत असे, हे मला तेव्हा कळले नाही. मी मात्र त्याचा श्वास ऐकत असे. तो मध्येच अडखळे आणि मग जणू माझा हात धरून पुढे चाले.

आल्व्हार मोठा झाला, त्याचे वडील वारले. त्या पहाटे समारंभप्रमुख ओटार आला. माझे दार उघडून त्याने दोन्ही वजने काढली आणि मखमलीत गुंडाळली. माझे काटे चार वाजून गेल्यावर थोडे पुढे जाऊन थांबले. आल्व्हार राजा झाला, पण अभिषेकाचे चर्च खाडीपलीकडे होते आणि वारा त्याला सोसणारा नव्हता. अभिषेक आधी बर्फ वितळेपर्यंत पुढे ढकलला, मग खोकला थांबेपर्यंत.

खोकला थांबला नाही. दालनात ऊन येते, म्हणून त्याचा पलंग माझ्याजवळ आणला गेला. तिथूनच त्याने राज्य केले. कोळिणी डोक्यावर टोपल्या घेऊन राजवाड्याला वळसा घालून जाताना त्याला खिडकीतून दिसत. एके दिवशी त्याने अंगणातली जवळची वाट त्यांना मोकळी करून दिली. दालनात मासळीचा वास येऊ लागला तेव्हा ओटारने नाक मुरडले. राजा म्हणाला, राज्य चालू आहे याचा निदान वास तरी येतोय.

मला दिवस मोजता येत नव्हते. खिडकीवरचा बर्फ गेला, बंदरावर हेरिंग मासळी वाळत पडलेली दिसू लागली, इतकेच मला ठाऊक.

एका दुपारी त्याने ओटारला जवळ बोलावले. आवाज फार खाली गेला होता.

“ओटारकाका, वजनं अडकवा ना. मला फक्त ऐकायचंय.”

ओटार कठोर नव्हता, पण घाबरला. “महाराज, अभिषेकाआधी घड्याळ चाललं तर तो काळ कुणाचाच राहत नाही, असं जुने लोक म्हणतात.”

“मग आत्ता तो कुणाचा आहे, काका?”

 तेव्हा पलंगाशी बसलेली सोल्वेग उठली. काटे हलता कामा नयेत, एवढेच ना, असे तिने ओटारला विचारले. त्याने मान हलवली. तिने माझे दार उघडले आणि लंबकाला बोटाने हळूच ढकलले.

मित्रांनो, वजनाशिवाय घड्याळ चालत नाही. पण लंबक झुलला तर आतली चाके एकमेकींना जरा हलवतात आणि क्षीण टिकटिक होते. काटे जागचे हलत नाहीत. तशी टिकटिक झाली, आणि विरली.

“ताई, परत.”

“लाडावून ठेवलंय मी तुला,” ती म्हणाली आणि तिने पुन्हा ढकलले. बंदरावरचे ऊन उतरेपर्यंत ती ढकलत राहिली. त्याला झोप लागली तरी ती थांबली नाही.

उन्हाळ्यापूर्वी तो गेला. ओटार सवयीने माझे दार उघडायला आला. वजने आधीच काढलेली आहेत हे आठवून त्याचा हात दारावर तसाच राहिला. थांबवायला काहीच नव्हते.

पुढे आल्व्हारचा चुलतभाऊ राजा झाला. अभिषेक करून तो वजने अडकवायला आला, तेव्हा ओटार मध्ये आला. म्हातारा झाला होता तो.

“महाराज, आधी बोट, मग वजन,” तो म्हणाला. “अशीच रीत आहे आपली.”

अशी रीत कधीच नव्हती. मागे उभ्या असलेल्या सोल्वेगने ते ऐकले आणि तोंड खिडकीकडे वळवले. नव्या राजाने मुकाट्याने लंबक ढकलला, आणि दालनात ती क्षीण टिकटिक पुन्हा उमटली.

आता राजवाड्यात राजे नाहीत. मधली कित्येक वर्षे मी कळकट कापडाखाली होते. उंदरांनी दोऱ्या कुरतडल्या. आता हे संग्रहालय आहे. मला सांभाळणारी मेरेत दर वसंतात माझी वजने काढते, चाके पुसते, तेल देते. घड्याळ चालवणाऱ्या राजांची नावे भिंतीवर कोरलेली आहेत. त्यांत आल्व्हारचे नाव नाही.

मुलांनो, तुमच्या घरातल्या जुन्या वस्तूंना सांभाळा, त्यांना तेलपाणी करा. आणि जवळच्या कुणाला काही ऐकावेसे वाटले, तर त्यासाठी समारंभाची वाट पाहू नका.

वजने परत अडकवण्याआधी मेरेत लंबकाला बोट लावते. का, ते तिला ठाऊक नाही. तिला शिकवणाऱ्यालाही ठाऊक नव्हते. तेवढ्या काही ठोक्यांत माझे काटे हलत नाहीत. तो काळ कुणाचा आहे, हे मात्र मला पक्के ठाऊक आहे.