केसभर मास्तरांची ओळ

मित्रांनो, मी एक जुना लेथ आहे. निदान माझं लोखंड तरी जुनं आहे. अंगावरच्या मोटारी, तारा आणि चकाकणारा पडदा हे सगळं अलीकडचं. लेथ म्हणजे काय, असं तुमच्यापैकी कुणी विचारेल म्हणून सांगतो. माझ्या चकाच्या जबड्यात लोखंडाचा गोल दांडा धरायचा, तो गरगर फिरवायचा आणि टोकदार टूल लावून सोलत जायचं. पंपाचे शाफ्ट, गाड्यांच्या पिना, गिरणीचे रोलर, सगळं माझ्यासारख्याच्या हातून जातं. पण नळाला पाणी आलं म्हणून कुणाला लेथ आठवत नाही. असो. माझा स्वभाव जरा कडू आहे, ते आताच सांगून ठेवतो.

मला ओतलं आणि वर्षभर उघड्यावर टाकून दिलं. नव्या लोखंडात ताण असतो. ऊन-थंडी खाऊन तो निघून गेला की लोखंड पुढे वाकत नाही, असं तिथली माणसं म्हणत. मग एका म्हाताऱ्या कारागिराने माझी पाठ, म्हणजे जिच्यावरून टूल पुढेमागे सरकतं ती लांब पट्टी, हाताने खरवडून सपाट केली. त्याला तीन आठवडे लागले. त्यानंतर मी या पत्र्याच्या शेडमध्ये आलो आणि पहिल्याच दिवशी माझी गाठ टर्नरशी, म्हणजे लेथ चालवणाऱ्या कारागिराशी, पडली.

सगळे त्यांना केसभर मास्तर म्हणत. 'केसभर जास्त गेलं', 'केसभर राहू दे', दिवसभर तोंडात हेच. स्वतःच्या डोक्यावर एकही केस नव्हता, त्यामुळे नाव जास्तच चिकटलं. सत्तावीस वर्षं त्यांनी मला चालवलं. सकाळी आल्यावर आधी मला तेल, मग स्वतःला चहा. संध्याकाळी लोखंडाचा कीस झाडून, माझी पाठ पुसून मगच घरी. माझ्या हँडलची मूठ त्यांच्या तळव्याने इतकी गुळगुळीत झाली होती की तिच्यावरची नक्षी कधीच गेली होती. त्यांचा शाफ्ट गिऱ्हाइकाकडून परत आला, असं मी तरी पाहिलं नाही. मालक पाहुण्यांना माझ्यापाशी आणून म्हणत, 'हा आमचा हुकमाचा एक्का.' एक्का मी की मास्तर, हे त्यांनी कधी उलगडून सांगितलं नाही.

आता माझं व्यंग सांगतो. बहुतेक काम चकाजवळ चालतं, म्हणून तिथली वीतभर पाठ झिजली. टूल तिथे आलं की किंचित दबतं आणि शाफ्ट त्या टोकाला केसभर जाड राहतो. मास्तरांच्या हे लक्षात आलं तेव्हा त्यांनी मुळीच बोभाटा केला नाही. त्या जागी आलं की ते अंगठ्याने हँडल जरासं आत रेटत. बघणाऱ्याला वाटे, हँडलवरची माशी हाकलली. दुसऱ्या कुणी मला चालवलं की जॉब, म्हणजे चकात धरलेला दांडा, बिघडे, आणि शेडमध्ये म्हणत, हा लेथ फक्त मास्तरांचं ऐकतो. मास्तर गालातल्या गालात हसत. मलाही ते आवडायचं, खोटं कशाला बोलू? आम्हा दोघांचं चुकलं ते तिथेच.

पुढे आजूबाजूच्या शेडमध्ये कॉम्प्युटरवर चालणारी यंत्रं आली आणि आमच्याकडचं काम आटलं. मालक मला भंगारात काढायला निघाले. त्यांच्या सूनबाई इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्या. शेडमध्ये सगळे त्यांना वहिनी म्हणत. मास्तरसुद्धा, जरी त्यांची स्वतःची मुलगी वहिनींपेक्षा मोठी होती. वहिनी म्हणाल्या, लोखंड चांगलं आहे, यालाच मोटारी बसवू. मोटारींना हुकूम देणारा प्रोग्राम त्यांनी विकत आणला नाही. तो ओपन सोर्स होता, म्हणजे जगभरच्या माणसांनी आपापल्या फुरसतीत लिहून सर्वांसाठी खुला ठेवलेला. कुणीही घ्यावा, उघडून बघावा, हवा तसा बदलावा.

मालकांनी पंधरा दिवसांची मुदत दिली आणि सगळ्यांसमोर बजावलं. जमलं, तर कुणीही दांडा लावून बटण दाबेल, टर्नर लागणार नाही. नाही जमलं, तर मी भंगारात आणि मास्तर कोपऱ्यातल्या छोट्या लेथवर, त्यांचे हात चालतील तोवर. म्हणजे मी हरलो असतो तरच मास्तर टिकणार होते.

माझी हँडलं काढली. गुळगुळीत मूठ भंगाराच्या पिंपात पडली. मास्तर स्टुलावर बसून बघत होते. वहिनींनी आपणहून विचारलं, या लेथची काही खोड आहे का, मला ठाऊक असावी अशी? 'तुमच्या कॉम्प्युटरला विचारा,' मास्तर म्हणाले आणि चष्मा पुसत बसले.

पहिला शाफ्ट चकाकडे जाड निघाला. दुसराही. वहिनींनी मोटारी तपासल्या, पट्टे ताणले, आकडे बदलले. दहा शाफ्ट वाया गेले. शेवटी त्यांनी अडचण लिहून तो खुला प्रोग्राम लिहिणाऱ्या मंडळींना पाठवली. कुठल्याकुठल्या देशांतून उत्तरं आली. कधी तोंड न पाहिलेली माणसं, पण मनापासून लिहीत होती. एकाने लिहिलं की लेथची पाठ झिजली असावी, आणि ती कुठे किती झिजली हे त्यावर आयुष्य काढलेल्या माणसालाच विचारा. वहिनींनी ते मोठ्याने वाचलं. मास्तर डबा उचलून घरी गेले.

चौदाव्या दिवशी भंगारवाला आला. त्याने मला वरखाली न्याहाळलं, माझ्या अंगावर खडूने मोठी फुली मारली आणि खडू तिथेच विसरून गेला. मास्तर बराच वेळ त्या फुलीकडे बघत होते. मग उठले, खांद्यावरच्या फडक्याने फुली पुसली आणि खडू हातात घेतला.

'लिहून घ्या वहिनी,' ते म्हणाले. माझ्या पाठीवर बोटाबोटाच्या अंतरावर ते खुणा करत गेले. 'इथे अर्धा केस. इथे एक. इथून चकापर्यंत दीड.'

'केस म्हणजे नक्की किती, मास्तर?'

'ते तुम्ही मोजा. मला अंगठ्याने माहीत आहे.'

वहिनींनी मोजलं. अंगठा कुठेही चुकला नव्हता. ते आकडे त्यांनी प्रोग्रामच्या यादीत भरले.

दुसऱ्या दिवशी शाफ्ट दोन्ही टोकांना सारखा निघाला. झिजलेल्या जागी आल्यावर टूल आपसूक किंचित आत गेलं, अगदी मास्तर रेटत तसं, आणि मास्तर चार हात लांब उभे होते. शेडमध्ये टाळ्या पडल्या. मला मात्र चोरी पकडली गेल्यासारखं वाटत होतं.

वहिनींनी आकड्यांच्या यादीवर एक ओळ लिहिली आणि मास्तरांना वाचून दाखवली: 'ही झीज केसभर मास्तरांनी सत्तावीस वर्षं अंगठ्याने भरून काढली. आकडे त्यांचे आहेत.'

'हे यंत्र वाचणार?' मास्तरांनी विचारलं.

'नाही. ओळीच्या सुरुवातीला ही खूण टाकली की यंत्र ती ओळ सोडून पुढे जातं. ती माणसांसाठी असते.'

'मग ठीक आहे,' मास्तर म्हणाले. 'माणसं वाचतील.'

महिना संपला तसं मालकांनी त्यांना एक भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि आता आराम करा म्हणाले. कोपऱ्यातला छोटा लेथही विकून टाकला. वहिनी तिथेच होत्या. त्या पडद्याकडे बघत राहिल्या. त्यांचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

मास्तर त्यानंतर एकदाच आले. बोलता बोलता त्यांचा हात सवयीने मुठीच्या जागी गेला. तिथे मोटारीचं झाकण होतं, तापलेलं. त्यांनी हात मागे घेतला, माझ्या पाठीवरून बोट फिरवलं आणि नव्या ऑपरेटरला म्हणाले, 'तेल देत जा रे याला.' ऑपरेटरच्या कानात गाणी चालू होती.

मित्रांनो, जुन्या यंत्राला तेल द्या, एवढं सांगून मी निरोप घ्यायला हवा. तेल द्याच. पण तुमच्या घरात, शाळेत एखादी गोष्ट बिनबोभाट चालत असेल, तर ती कुणाच्या अंगठ्याने चालते ते आधी शोधा. त्याला विचारा, त्याच्याकडून शिका, आणि शिकून झालं म्हणून त्याला घरी पाठवू नका.

माझं राहून गेलेलं एवढंच सांगतो. मागच्या आठवड्यात ऑपरेटरने पडद्यावर पसारा फार होतो म्हणून यादीतल्या बिनकामाच्या ओळी पुसल्या. मास्तरांची ओळही त्यात गेली. त्या दिवशी मी चाळीस शाफ्ट केले आणि चाळीसही बरोबर निघाले. केसभरसुद्धा फरक पडला नाही.