जोडलेली उपकरणं

वायफायच्या डब्याच्या पोटावर चिकटवलेली ती चिठ्ठी इतकी बारीक होती, की चष्मा कपाळावर सरकवून, डबा उलटा करून खिडकीशी धरला तेव्हा कुठे अक्षरं दिसायला लागली – आठ आहे की तीन, शून्य आहे की ओ... रोज दहा-दहा तास डॉक्टरांचे आवाज ऐकून त्यांचे अहवाल टाइप करणाऱ्या, एक मिलिग्रॅमही इकडचा तिकडे होऊ न देणाऱ्या तिला आज आपल्याच घरातला एक आकडा वाचता येईना. हात वर धरून धरून खांदे भरून आले. हल्ली एवढ्याशा कामानंही अंग मोडून जातं. झोप होते, जेवण होतं, आणि तरी सकाळी डोळे उघडतानाच वाटतं, दिवस संपलेला असता तर बरं झालं असतं.

ऑफिसचं पत्र सकाळीच आलं होतं. घरून काम करणाऱ्यांनी संध्याकाळी पाचच्या आत घरचं नेटवर्क सुरक्षित केल्याचा फॉर्म भरून पाठवावा. रुग्णांची माहिती आहे, हयगय चालणार नाही, झाल्यास काम काढून घेतलं जाईल. खाली प्रश्न होते. पासवर्ड बदलला का? शेजारीपाजारी कुणी तुमचं नेटवर्क वापरतं का? अनोळखी उपकरणं काढून टाकली का? – शेजारीपाजारी! पाच वर्षं या मजल्यावर राहून समोरच्या आजारी काकांचं आडनाव तिला माहीत होतं ते दारावरच्या पाटीमुळं. तेवढाच काय तो शेजार.

शेवटी आकडे जुळले, कॉम्प्युटरवर वायफायचं पान उघडलं. ‘जोडलेली उपकरणं’ अशा मथळ्याखाली चार नावं होती. तिचा कॉम्प्युटर. तिचा मोबाइल. टीव्ही. आणि चौथं – आई.

आधी तिला काहीच वाटलं नाही, आणि नंतर त्याचंच नवल वाटलं. आई आहे, आत आहे, जोडलेली आहे... डोळ्यांनी वाचलं, मनानं मान्य करून टाकलं. आईला जाऊन चौदा महिने झाले होते. तो फोन तिनंच घेऊन दिला होता, ‘या फोनला नाव द्या’ असं पडद्यावर आल्यावर तिनंच ते दोन अक्षरी नाव टाकलं होतं. त्या नावापुढं आता लिहिलेलं होतं : शेवटची जोडणी, काल दुपारी दोन बारा ते दोन एकोणपन्नास. खाली आधीच्या दिवसांची यादी, रोज साधारण हीच वेळ.

तिनं भावाला फोन लावला.

“दादा, आईचा फोन कुठंय?”

“फोन?” तो गाडी चालवत असावा. “तूच नाही का दिलास त्या मावशींना? मी म्हटलं, आधी फोटो तरी काढून घे, तर म्हणालीस, घेऊन जाऊ देत एकदाचा.”

“तो आपल्या वायफायवर दिसतोय. रोज दुपारी.”

“मग बदल पासवर्ड आणि हो मोकळी. तू पण ना, एवढ्याशा गोष्टीचं किती करतेस!”

मोकळी हो... दादाला सगळंच सोपं असतं. तो महिन्यातून एकदा यायचा, आईच्या उशाशी अर्धा तास बसायचा आणि आई आठवडाभर त्याचंच सांगत राहायची. उरलेले दिवस मावशींचे. मावशी म्हणजे आईकडं बघायला ठेवलेल्या, तिला आजी म्हणणाऱ्या बाई. भरवणं, पुसणं, कूस बदलणं सगळं त्याच करायच्या, कारण आपण – मी – दार लावून, कानांना हेडफोन लावून आत बसलेली असायची. कुणाचं तरी यकृत, कुणाचा तरी गुडघा. संध्याकाळी दार उघडून विचारायची, “काय म्हणतेस?” आणि आई म्हणायची, “काही नाही, बरी आहे.” पाण्याला मावशी, उठायला मावशी, दुखलं-खुपलं की मावशी. शेवटच्या दोन महिन्यांत आईनं आपल्याला एकदासुद्धा हाक मारली नाही. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, दादालाही नाही. सांगणार काय? कुणाला खरं वाटणार, की पोटची पोर पलीकडच्या खोलीत असताना बाईनं परक्या बाईला जवळ केलं? आई गेल्याच्या आठवड्यातच तिनं तो फोन मावशींच्या हातात कोंबला होता. पुढं मावशींनी समोरच्या काकांकडं काम धरलं. जिन्यात भेटल्या की हसायच्या. ही मान हलवून कुलपाकडं बघायची.

पासवर्ड तेव्हाच बदलता आला असता. पण ती दोन वाजायची वाट बघत बसली. का, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

दोन दहाला समोरचं दार वाजलं, चपला सरकल्या, जिन्याच्या पायरीवर कुणीतरी ‘हुश्श’ करून बसलं आणि पडद्यावर ‘आई’ या नावापुढं हिरवा ठिपका आला. दारापलीकडून मावशींचा आवाज येऊ लागला. “जेवलीस का?... काय जेवलीस? एवढंच?... दाखव बघू ताट. चेहरा का असा उतरलाय तुझा?...” आपल्याला कुणी हे विचारून किती दिवस झाले, असं मनात आलं आणि त्या येण्याचाच तिला संताप आला. नवा पासवर्ड आधीच लिहून ठेवला होता. तिनं बटण दाबलं. ठिपका विझला.

“हॅलो... अगं, दिसत नाहीयेस... हॅलो, हॅलो...”

मग दारावर टकटक. बिचकत नव्हे, घरच्या माणसासारखी.

“ताई, झोपला नव्हतात ना? तुमचं नेट गेलंय का?”

“नाही. मीच बदललाय पासवर्ड.”

“हां... म्हणजे मला वाटलं, लाइट गेले.” मावशींच्या चेहऱ्यावर चोरी पकडली गेल्याचं काही नव्हतं. “मुलगी हॉस्टेलला गेली ना, तेव्हा आजींनीच दिला होता मला पासवर्ड. म्हणाल्या, इथंच बसून बोलत जा तिच्याशी. सवयच लागली मग. काकांकडं आहे नेट, पण सूनबाई देत नाहीत. त्यांचंही बरोबर आहे म्हणा.”

“ऑफिसचा नियम आहे, मावशी. पेशंटची माहिती असते.”

“हो हो, तुमचं काम जोखमीचं, मला का माहीत नाही? आजी सारख्या सांगायच्या.” मावशी फोन पदराला पुसत म्हणाल्या, “मी किती वेळा म्हणायची, ताईंना बोलावते, तर माझा हात धरून ठेवायच्या. दार वाजवू नकोस म्हणायच्या, तिचं लक्ष उडेल, तिला चूक झालेली खपत नाही. मग त्या दाराकडं तोंड करून पडून राहायच्या. म्हणायच्या, बघ, टाइप करतेय, आवाज येतोय.”

नवा पासवर्ड अगदी ओठांवर होता... मावशींनी विचारला असता तर तिनं सांगून टाकला असता. मावशींनी विचारला नाही.

“येते मी. काका उठतील एवढ्यात. आणि ताई, वाळलात हो तुम्ही.”

दार लागलं. तिनं फॉर्म भरला. हो, नाही, हो. पाचच्या पुष्कळ आधी पाठवला. समोर एक अहवाल येऊन पडला होता, तोही उघडला. पण बोटं कळांवर नुसती टेकून राहिली. चौदा महिने ती एकच गोष्ट उराशी धरून बसली होती – आईनं मला हाक मारली नाही. त्या रागाच्या आधारावर तर उठणं-बसणं चाललं होतं, कामं उरकत होती. आता राग धरायला गेलं, तर हाताला काही लागत नव्हतं. आई दाराकडं तोंड करून पडलेली दिसत होती. त्या दाराच्या अलीकडं, आठ पावलांवर, मी कसल्या ओळी टाइप करत होते?... ती आठवू लागली. एवढं जपलेलं, चूक न खपणारं ते काम काय होतं, कुणाचं होतं, निदान एक ओळ... एक शब्द... डोळे मिटून, जीव एकवटून ती आठवत राहिली.