न फोडलेली पाकिटं

मित्रांनो, कपाटाच्या वरच्या फळीवर पडलेली ही जुनी, तपकिरी रेक्झिनची पिशवी म्हणजे मी. माझी चेन आता अर्ध्यावर अडकते. मला शिवणाऱ्या बाईंनी माझ्या तळाला दुहेरी शिलाई घातली होती. कागदांचं वजन फसवं असतं, असं त्यांचं म्हणणं.

घरासाठी कर्ज मंजूर झालं, त्या दिवशी एका जोडप्याने मला विकत घेतलं. तो छापखान्यात कागद कापायच्या यंत्रावर होता, ती दवाखान्याच्या धुलाईघरात. खरेदीखत, नकाशा, पावत्या, सगळं माझ्या पोटात. पाहुणे आले की तो मला खाली काढायचा. "आमचं घर हिच्यात आहे," म्हणायचा. मला फार बरं वाटे.

मग छापखाना बंद पडला. तो रोज डबा घेऊन काम शोधायला निघायचा आणि तसाच परत यायचा. बँकेची पाकिटं येऊ लागली. दारातून उचलून, न फोडताच तो ती माझ्यात कोंबायचा. चेहऱ्यावर ना राग, ना रडू. बायकोने विचारलं तर "बघतो मी" एवढंच. पुढे तिनेही विचारणं सोडलं.

एका दुपारी बँकेच्या माणसाने दारावर लिलावाची नोटीस चिकटवली. बायकोने ती वाचली आणि मला खाली ओढलं. सगळी बंद पाकिटं पलंगावर पडली. ती ओरडली नाही. दुसऱ्या दिवशी रजा टाकून, मला काखेत घेऊन, ती थकलेल्या घरकर्जासाठी सरकारने उघडलेल्या मदत कक्षात गेली. तोही मागून आला.

खिडकीमागच्या बाई कात्रीने एकेक पाकीट फोडत गेल्या. एका पाकिटाशी त्यांचा हात थांबला.

"ताई, हे आमचंच पत्र आहे. सहा महिने निम्मा हप्ता सरकार भरणार होतं. नुसती सही करून पाठवायची होती."

मुदत संपून तीन आठवडे झाले होते. तो भिंतीवरच्या पंख्याकडे बघत राहिला. बायकोने विचारलं, आता काहीच होणार नाही का? बाईंनी दुसरा अर्ज काढला. निम्मा हप्ता हुकला तो हुकलाच. पण लिलाव थांबवता येईल आणि थकलेली रक्कम कर्जाच्या शेवटी जोडून हप्ताही लहान करता येईल. कर्ज मात्र नऊ वर्षं लांबेल. बाईंनी बोट ठेवलं तिथे त्याने सही केली.

दीड महिन्याने मंजुरी आली. घर राहिलं. पण हप्ता भरण्यासाठी त्यांच्या मुलीची खोली भाड्याने द्यावी लागली आणि तिचा पलंग स्वयंपाकघराबाहेरच्या कोपऱ्यात आला. आनंद कुणालाच झाला नाही. तो पलंगाचे नटबोल्ट आवळत होता, तेव्हा मुलीने विचारलं, "बाबा, तुम्ही ती पत्रं उघडली का नाहीत?"

त्याने पाना जमिनीवर ठेवला.

"भीती वाटत होती गं," तो म्हणाला.

पलंगाचा पाय हलू नये म्हणून मुलीने तो दोन्ही हातांनी धरला.

मित्रांनो, तुमच्या घरातलं मोठं माणूस असं गप्प गप्प झालं, तर त्याच्याजवळ जाऊन बसा. काय झालं ते विचारा. "बघतो मी" म्हणालं, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा. मला ते जमण्यासारखं नव्हतं.