खडूच्या रेषेअलीकडे

बाइंडिंगच्या कारखान्यात कागद कापायचे यंत्र चालवणाऱ्या त्या माणसाला मालकांनी सकाळीच केबिनमध्ये बोलावले आणि एक टाइप केलेला कागद पुढे सरकवला. तो तिथेच शिलाईचे काम करणाऱ्या त्याच्या बायकोचा राजीनामा होता.

"चार महिन्यांत फिटचा तिसरा झटका," मालक म्हणाले. "काल तर दात तुटला. इथे पाती आहेत, यंत्रं आहेत. तुम्ही समजूतदार आहात. तिची सही घेऊन या."

"बघतो," असे म्हणून तो बाहेर पडला. तसे म्हणताना क्षणभर आपल्याला हलके वाटले, याची त्याला लाज वाटली. औषध दोनदा बदलूनही तिचे झटके थांबत नव्हते. ती घरी राहिली, तर दर पाच मिनिटांनी मान वळवून शिलाईच्या टेबलाकडे पाहावे लागणार नाही, एवढेच त्याच्या मनात आले होते. घरी ती दिवसभर एकटी असेल, हे पाच पावले चालल्यावर ध्यानात आले.

ती सुजलेल्या ओठाने, जमिनीवरच्या खडूच्या रेषेअलीकडे, पुस्तकांचे छापील फर्मे शिवत बसली होती. तिने कागद वाचला.

"तू काय म्हणालास?"

"बघतो म्हणालो."

"मला न विचारता? लग्न माझं झालंय तुझ्याशी, माझ्या सुईचं नाही."

"चुकलो."

शेजारी बसलेल्या मावशींनी मान खाली घातली. कारखान्यातल्या सर्वांत जुन्या कारागीर त्या. काल दातखीळ बसेल या भीतीने त्यांनीच घडी दाबायची हाडाची पट्टी तिच्या दातांत घुसवली होती. दात त्या पट्टीनेच तुटला.

"मला वाटलं, जीभ गिळशील गं."

"जीभ कुठे जाणार, मावशी? दिवसभर एवढी चालते, तरी जागा सोडत नाही."

जेवणाची सुट्टी झाली. डबे उघडण्याआधीच ती उठली आणि नवऱ्याला म्हणाली, "आडवा हो."

"इथे?"

"आज झटका तुला आलाय. मी पडले की मला काही कळत नाही. हे सगळे काय करतात, ते एकदा बघू दे."

तो कागदाच्या कात्रणात आडवा झाला. सहा-सातजण भोवती जमले.

"हा आता रोज झटका आणेल, काम चुकवायला!" कोणीतरी म्हणाले.

"हातपाय दाबून धरू नका," ती सांगू लागली. "डोक्याखाली मऊ काहीतरी द्या. कुशीवर वळवा. तोंडात काही घालायचं नाही, पाणीसुद्धा नाही. आणि घड्याळ बघा. पाच मिनिटं उलटली, तर ॲम्ब्युलन्स."

मावशींनी आपला स्वेटर त्याच्या डोक्याखाली सरकवला आणि दोन्ही हातांनी त्याला वळवले. "वजन केवढं रे तुझं, मेल्या!"

"हे काय चाललंय?" मालक दारात उभे होते.

तो उठू लागला. मग विचार बदलून तसाच पडून राहिला आणि तिथूनच बोलला, "शिकवणी. पाती त्या खडूच्या रेषेपलीकडे आहेत, मालक. रेष तिनेच आखली आणि तीन वर्षांत एकदाही ओलांडली नाही. दात झटक्याने तुटला नाही, आपल्या मदतीने तुटला. मी तिच्याकडे सही मागणार नाही."

"आणि पुन्हा झटका आला तर?"

"येईलच," ती म्हणाली. "झटके डॉक्टरांनाही अजून आवरत नाहीत, मी कुठून शब्द देऊ? पण मी जमिनीवर असेन ती दोन मिनिटं. उरलेला दिवस मी या खुर्चीवर असते. हवं तर कामावरून काढा आणि काढल्याचं तुमच्या सहीने लिहून द्या. माझ्या सहीने नाही."

तिने कागद परत केला. मालकांनी तो घेतला, पण केबिनकडे वळले नाहीत. जमिनीवर पडलेल्या आपल्या कारागिराकडे ते पाहत राहिले.

"किती वेळ झाला?" त्यांनी विचारले.

कोणालाच सांगता येईना. घड्याळ पाहायचे सगळेच विसरले होते.

"बघा!" ती म्हणाली. "पुन्हा पहिल्यापासून. मालक, घड्याळ तुमच्याकडे. मावशी, या. आणि तू हसू नकोस, बेशुद्ध आहेस."