उन्हात वाळलेला स्पंज

मित्रांनो, मी एक जुना स्पंज आहे. माशांच्या टाकीच्या कोपऱ्यात जो फिल्टर गुरगुरत असतो, त्याच्या पोटात मी राहतो. कारखान्यातून निघालो तेव्हा मी निळा होतो. आताचा रंग विचाराल तर चहाचा चोथा आठवा. माझ्या आयुष्यात एक गोष्ट अशी घडली, की तिचा उलगडा मला अजून नीटसा झालेला नाही. तुम्हाला जमतो का बघा.

आमच्या टाकीत एकच मासा आहे. केशरी, गोलमटोल, पोट सांभाळत पोहणारा, म्हणून त्याचे नाव शेठ. घरातल्या मुलीचा तो जीव की प्राण. शेठची घाण आणि त्याने टाकलेले दाणे अडवायचे आणि पाणी पुढे सोडायचे, हे माझे काम. मुलगी महिन्यातून एकदा टाकीतलेच थोडे पाणी बादलीत काढून त्यात मला पिळायची. तरी मी मळकाच राहायचो. पाहुणे पाण्याचे कौतुक करायचे, माझे नाव कोणी काढत नसे. मला त्याचे फार वाईट वाटे.

मग मुलीला परगावी नोकरी लागली. तिथे घर मिळेपर्यंत शेठ आईवडिलांकडेच राहणार होता.

"बाबा, याला जपा हं," जाताना ती तीनदा म्हणाली.

वडिलांची लॉन्ड्री आहे. तीस वर्षे त्यांनी लोकांचे डाग काढले. त्यांनी फिल्टर उघडला, मला चिमटीत धरले आणि आईला हाक मारली.

"अगं, हे बघ काय! आणि पोरगी म्हणे टाकी साफ करते."

"तिने नुसता पिळायला सांगितलाय," आई म्हणाली.

"पिळून मळ जातो होय? गिऱ्हाइकाला असं काम दिलं असतं, तर दुकानाला कधीच टाळं लागलं असतं."

साबण त्यांनी लावला नाही, माशाच्या डोळ्यांत जाईल म्हणून. पण नळाच्या कढत पाण्याखाली मला चोळचोळ चोळले आणि दोन चिमटे लावून, शर्टांच्या रांगेत, उन्हात वाळत घातले. खोटे कशाला सांगू, मी हरखून गेलो. कितीतरी वर्षांनी मी निळा दिसत होतो.

तिसऱ्या दिवशी पाणी दुधाळ झाले. शेठ वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागला. माझे डोके चक्रावले. मी स्वच्छ, माझी भोके मोकळी, मग हे काय? वडिलांनाही कळेना. त्यांनी मला पुन्हा धुतले, तळाचे खडेसुद्धा उकळले. पाणी आणखी बिघडले आणि शेठ तळाशी आडवा झाला. मुलीचा फोन आला तेव्हा वडील म्हणाले, "मजेत आहे तुझा शेठ." फोन ठेवून ते टाकीसमोर बसून राहिले. जेवलेही नाहीत.

"खोटं कशाला बोललात?" आईने विचारले.

"काय सांगू तिला? काहीतरी चुकतंय, पण काय तेच कळत नाही."

मलाही कळत नव्हते. मला वाटले, मीच कामचुकार झालो असेन.

शेवटी आईने शोभेचे मासे विकणाऱ्या बाईंना घरी बोलावले. बाईंनी बाटलीत पाणी घेतले, तपासणीच्या औषधाचे थेंब टाकून रंग पाहिला.

"स्पंज कशात धुतलात?"

"कढत पाण्यात, दोनदा. कडक ऊनही दिलं," वडील छाती काढून म्हणाले.

बाईंनी कपाळावर हात मारला. "अहो काका, तो नुसता मळ नव्हता! त्यात डोळ्यांना न दिसणारे जीव राहतात. माशाच्या घाणीचं विष तेच पचवतात. तुम्ही ते सगळे मारलेत."

मी तर थक्कच झालो. माझ्या पोटात बिऱ्हाडे होती? मग इतकी वर्षे काम कोण करत होते, मी की ते?

बाईंनी आपल्या दुकानातल्या चालू टाकीतला एक मळकट स्पंज आणून माझ्या शेजारी बसवला. खाणे कमी करा, नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवणारे थेंब घालून रोज थोडं पाणी बदला, असे सांगितले. शेठ जगेल का, ते मात्र त्यांनी सांगितले नाही.

वडिलांनी स्वतःहून मुलीला फोन लावला. "बाळा, मी खोटं बोललो. माझ्या हातून चूक झालीय. शेठचं काही खरं नाही."

पलीकडून मुलीचा आवाज आला, "बाबा, तुम्ही जेवलात का?"

वडिलांनी फोन आईच्या हातात दिला आणि तोंड फिरवले.

अकराव्या दिवशी शेठने एक दाणा तोंडात धरला आणि गिळला. वडिलांनी लॉन्ड्री बंद ठेवून दिवसभर त्याला पाहिले.

महिन्याने त्यांनी मला बाहेर काढले. टाकीतल्या पाण्याच्या बादलीत पिळले. मी पुन्हा चहाच्या चोथ्यासारखा झालो होतो. त्यांची नजर नळाकडे गेली.

"असं मळकं परत ठेवायचं म्हणजे जिवावर येतं गं."

"ठेवा," आई म्हणाली.

त्यांनी ठेवले.

मित्रांनो, मी घाण आहे की स्वच्छ, हे मला अजून कळलेले नाही. माझ्यात राहणाऱ्यांना मी कधी पाहिलेलेही नाही. मला जरूर पिळा, पण टाकीतल्याच पाण्यात पिळा. आणि माझी कितीही दया आली, तरी मला निळा करू नका.