औषधाच्या पंपाचा हट्टी बोर्ड

मित्रांनो, मला हट्टी म्हणतात. म्हणू देत. मी अमेरिकेतल्या बॉथेल गावच्या एका कंपनीत टेस्टिंगच्या टेबलावर सहा वर्षं झिजलेला जुना सर्किट बोर्ड आहे. आजारी माणसाला थेंब थेंब औषध देणाऱ्या पंपाचा हा मेंदू, असं पूर्वी पाहुण्यांना कौतुकानं सांगायचे.

माझी मेमरी ती केवढीशी! तरी औषध मोजणारा प्रोग्रॅम, स्क्रीन दाखवणारा, अलार्म वाजवणारा, सगळे तिच्यातच नांदतात. चार रूममेट्समध्ये एकच फ्रिज असावा, तसं. प्रत्येकाचा कप्पा ठरलेला. दुसऱ्याच्या कप्प्यात कुणी हात घातला की मी तिथल्या तिथे सगळं थांबवतो आणि लाल दिवा लावतो. मग समोर कंपनीचा प्रेसिडेंट का उभा असेना.

याच गुणाचा पुढे दोष झाला. अकरा नवे चकचकीत बोर्ड आले. ते दिवसभर हिरवे दिवे लावून बसत आणि मी मात्र नव्या सॉफ्टवेअरवर तासातासाला अडायचो.

"हे डबडं खराब झालंय यार, रिसायकलमध्ये टाक," टीमलीड सत्यजित म्हणाला. "शुक्रवारी पंप हॉस्पिटलला शिप करायचेत."

खरं सांगतो, फार लागलं मला ते. खराब? मी?

रिसायकलच्या खोक्यात पडलेल्या मला बाहेर काढलं अंतरानं. नागपूरहून शिकायला आलेली आणि इथेच नोकरीला लागलेली ही टेस्टर. तिनं मुद्दाम एक चोर प्रोग्रॅम लिहिला. त्याचं काम एकच, औषधाच्या कप्प्यात घुसायचं. माझ्यावर चालवला, तर मी क्षणात थांबलो. नव्या बोर्डांवर चालवला, तर चोर आत शिरून डोसचा आकडा बदलून आला आणि हिरवे दिवे तसेच चालू राहिले.

सत्यजितनं कोड उघडला आणि त्याचा चेहरा उतरला. मार्चमधल्या डेमोत काही अडायला नको, म्हणून त्यानंच कोडच्या एका ओळीत नव्या बोर्डांचा कप्प्यांवरचा पहारा बंद केला होता. परत चालू करायचं राहूनच गेलं. माझ्या पहाऱ्याला जुन्या लोकांनी कुलूप घातलंय, तो बंद होतच नाही. मी तासातासाला उगाच अडत नव्हतो, तर स्क्रीनचा प्रोग्रॅम खरोखरच औषधाच्या कप्प्यात लिहीत होता. एखाद्या रुग्णाला दुप्पट औषध गेलं असतं.

"शुक्रवार कॅन्सल कर," अंतरा म्हणाली.

"अगं, क्लायंट ओरडेल. आत्ता शिप करू, अपडेट नंतर पाठवू."

"मग रिलीज फॉर्मवर तू सही कर. मी करणार नाही."

सत्यजितनं ती ओळ स्वतःच्या हातानं काढली आणि हॉस्पिटलला फोन लावला.

दुपारी तेच सॉफ्टवेअर, आता पहारा चालू करून, सगळ्यांवर पुन्हा चढवलं. तासाभरात स्क्रीनच्या प्रोग्रॅमची घुसखोरी पकडून अकराच्या अकरा नवे बोर्ड थांबले. टेबलावर एकही हिरवा दिवा उरला नाही, आणि अंतरा हसत होती.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसा, न पुसा. पण काम अडतं म्हणून पहारा बंद करायचा मोह झालाच, तर एवढं आठवा की नळीच्या दुसऱ्या टोकाला कुणाच्या तरी हातात सुई टोचलेली आहे. त्या माणसासाठी मी आज अडलो. उद्याही अडेन.