खिडकीवरचा उखाणा

आमच्या ह्यांच्या हातून औषधाची चूक व्हायची नाही, असं सगळं गाव म्हणायचं, आणि सगळ्यांत मोठ्यानं हे स्वतःच म्हणायचे. मेहकराकडच्या एका बाजाराच्या गावी सरकारी दवाखान्यात ते कंपाउंडर होते. नागपूरच्या सरकारनं दवाखाना बांधला, एक डॉक्टर दिला, मागच्या अंगाला आम्हाला दोन खोल्या दिल्या आणि मग आम्हाला साफ विसरून गेलं. मला त्याचं काही दुःख नव्हतं. अंगणात लिंबाचं झाड होतं, विहिरीला गोड पाणी होतं आणि दवाखान्यातून परतणाऱ्या बायका माझ्या ओट्यावर घटकाभर टेकायच्या. त्यामुळे पंचक्रोशीतली एकही बातमी मला चुकत नव्हती.

ह्यांची कामाची रीत मात्र बघण्यासारखी होती. फळीवरून बाटली काढताना तिच्यावरचं नाव वाचायचं, औषध ओतताना पुन्हा वाचायचं, बाटली जागेवर ठेवताना आणखी एकदा वाचायचं, आणि तेही पुटपुटत. विषारी औषधांचं कपाट वेगळं, त्याची किल्ली करगोट्याला बांधलेली. मी एकदा थट्टेनं म्हटलं, "जेवतानाबी असंच भाजीचं नाव वाचत जा." तर म्हणाले, "तुह्या भाजीचं नाव कोनाले सांगता येते?" असा आमचा संसार चालला होता आणि मजेत चालला होता.

पण ही सगळी शिस्त खिडकीच्या आतली. खिडकीबाहेर उभ्या राहायच्या बायका. घरचा पुरुष आजारानं आडवा झाला की औषधाला येणार त्याची बायको, आणि ती काही केल्या त्याचं नाव सांगणार नाही. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, हे आमच्याकडे प्रत्येकीच्या मनात लहानपणापासून पक्कं बसलेलं. मीही त्यातलीच. म्हणून तर इथंसुद्धा ‘हे’ म्हणून भागवते आहे.

"औषध कोनाचं?" हे विचारायचे.

"घरच्याचं."

"घरच्याचं म्हंजे कोनाचं?"

"पोराच्या बापाचं."

"बापाचं नाव?"

की पदर तोंडाशी. मागं रांगेत लोक खोकताहेत, कण्हताहेत. मग वैतागून हेच अंदाजानं एखादं नाव घ्यायचे, बाईनं ‘हाव’ म्हटलं की बाटली तिच्या हातात द्यायचे.

एका बाजाराच्या दिवशी कौशल्याबाई नावाची बाई औषध घेऊन माझ्या ओट्यावर पाणी प्यायला बसली. घरी काय झालंय म्हणून विचारलं, तर म्हणाली, "त्याईचं पोट चालून राह्यलं, माय. उठून बसवत नाई." माझं लक्ष तिच्या बाटलीकडे गेलं. हगवणीला हे खडूचं पांढरं औषध देतात, एवढं मला पाहून पाहून माहीत झालं होतं. हिच्या बाटलीत पाण्यासारखं नितळ काहीतरी होतं. ते जुलाबाचं मीठ होतं! आधीच पोट चालून गळून गेलेल्या माणसाला जुलाब द्यायला निघाली होती बिचारी. मी बाटली घेतली आणि तशीच दवाखान्यात शिरले.

ह्यांनी लेबल वाचलं.

"पन मी विचारलं होतं इले," म्हणाले. "कारभाऱ्याचं का म्हनलं, त हाव म्हने."

"मंग!" कौशल्याबाई म्हणाली. "आमच्या कारभाऱ्याचंच त पायजे मले!"

मला हसू आवरेना. कारभारी नावाचा एक म्हातारा होता, त्याचं पोट साफ होत नव्हतं, आणि ते जुलाबाचं औषध त्याचं. पण आमच्याकडे प्रत्येक बाईचा नवरा हा तिचा कारभारीच असतो. ह्यांनी नाव विचारलं आणि तिनं नातं सांगितलं. दोघंही खरं बोलली, आणि माणूस मात्र थोडक्यात वाचला. कौशल्याबाईच्या नवऱ्याचं नाव इंद्रभान, हे आम्हाला तिच्या शेजारणीकडून कळलं.

मी हसले, पण ह्यांना हसू आलं नाही. त्या दिवशी जेवले नाहीत. सकाळी उठून फर्मान काढलं, की आजपासून बायकांच्या हाती औषध मिळणार नाही, पुरुष पाठवा.

मला असा राग आला म्हणता! "दुखनेकरी चालत येईन का औषधाले? पुरुष पडला म्हनून त बाई आली ना!"

"चुकीचं औषध नेन्यापरीस रिकामी गेलेली बरी."

बायका रिकाम्या गेल्या. कोणी गाडीतून आलेली, कोणी लेकरू कडेवर घेऊन उन्हातून आलेली. अमीरबी म्हणून एक होती, ती माझ्या ओट्यावर उभी राहून ह्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलली, "घरात मानूस तापानं फनफनून राह्यला, आन् इथं म्हन्तेत पुरुष आना. कुठून आनू, बाजारातून?" तिचं एक अक्षर खोटं नव्हतं. बाटल्या आत भरून ठेवलेल्या, आजारी माणसं घरी पडलेली, आणि मधे एक नाव अडलेलं.

तोड मला भाकरी थापताना सुचली. लग्नात, हळदीकुंकवात हीच बाई हसत हसत नवऱ्याचं नाव घेते की! उखाण्यात घेतलेल्या नावानं कोणाचं आयुष्य कमी होत नाही, हे तर सगळ्याच मानतात. मी पिठाच्या हातानंच ह्यांना सांगायला गेले.

"दवाखान्याच्या खिडकीवर उखाने?" हे ओरडले. "डॉक्टरसाहेब मले वेड्यात काढतीन!"

डॉक्टरसाहेब ऐकून पोट धरून हसले आणि म्हणाले, चालू द्या. मग ह्यांनीही एक अट घातली. यापुढं खिडकीतून ते स्वतः कोणाचंही नाव घेणार नाहीत. नाव बाईनं घ्यायचं, ह्यांनी ऐकायचं, लेबलाशी ताडून पाहायचं आणि मगच बाटली हलणार.

पहिली पुढं व्हायला कोणी तयार होईना. मग मीच खिडकीशी गेले, पदर सावरला आणि घेतला:

"बाटलीले लावली चिठ्ठी, चिठ्ठीवर लिवलं नाव,
तपासल्याबिगर देत नाईत माहे नारायणराव."

रांगेत असा हशा पिकला! हे लाजून औषधांच्या फळीकडे तोंड करून उभे राहिले. मागून कौशल्याबाई सरसावली. नवऱ्याचं पोट बरं झालं होतं, आता खोकल्यानं धरलं होतं त्याला.

"मोटेच्या पान्यावर पिकलं नागवेलीचं पान,
खोकलून खोकलून बेजार झाले माहे इंद्रभान."

त्यानंतर दवाखान्याला निराळीच कळा आली. बायका येताना वाटेतच उखाणे जुळवत यायच्या. बाजारात भाजी विकायला आलेले बाप्ये उगाच खिडकीजवळ रेंगाळायचे. अमीरबी आणि तिची शेजारीण नूरजहां म्हणाल्या, "आमच्यातबी नाव घेत नाईत, आन् उखाने आमाले येत नाईत." त्यांनी आपली तोड आपणच काढली. अमीरबीनं नूरजहांच्या नवऱ्याचं नाव सांगायचं, नूरजहांनं अमीरबीच्या. दुसरीच्या नवऱ्याचं आयुष्य कसं कमी होईल? हे खूश, बायका खूश, आणि मी तर विचारूच नका. सगळा कारभार माझ्याच डोक्यातून निघाला होता ना!

आणि एक दिवस सुभद्राबाई आली.

आदल्या दिवशी डॉक्टरसाहेब गावोगाव फिरून आले होते. ज्यांना उठवत नव्हतं, त्यांना घरी जाऊन तपासलं आणि त्यांच्या चिठ्ठ्या ह्यांच्याकडे दिल्या. चिठ्ठीवर माणसाचं नाव आणि गाव असायचं. ह्यांनी औषधं करून गावागावाप्रमाणे मांडून ठेवली होती. घरच्यांनी येऊन न्यायची, एवढंच बाकी होतं.

सुभद्राबाई एकटीच होती. गाडीवाला तिला सोडून बाजारात गेलेला. तोंड सुकून गेलेलं, डोळे रात्रभर जागल्यासारखे. रांगेतल्या कोणी तिला ओळखत नव्हतं.

"कुठून आली, बाई?" ह्यांनी विचारलं.

"साखरखेर्ड्याहून."

"काय होते त्याईले?"

"कुशीत दुखते. रातभर कन्हत होते." एवढं बोलली आणि तिला रडूच फुटलं.

साखरखेर्ड्याची एकच बाटली होती. ह्यांनी ती उचलली. कूस दुखते, कण्हतो आहे, साखरखेर्डा, सगळं जुळत होतं. मी आतल्या दारात उभी होते, मलाही ते दिसत होतं.

"नाव घ्या," हे म्हणाले.

तिनं मान हलवली. रांगेतल्या बायकांनी समजावलं, बाई, नुसतं नको, उखाण्यात घे, काही होत नाही. ती म्हणाली, "उखाना सुखाचा असते, माय. तिकडं त्याईचा जीव वरखाली होऊन राह्यला, आन् मी इथं नाव घेऊ? त्याईचं काही बरंवाईट झालं त?"

मी आत जाऊन ह्यांना हळूच म्हटलं, "पुरे झालं आता. देऊन टाका. दुसरी कोनाची असन ते बाटली? साखरखेर्ड्याची एकच त हाये!"

"नाव घेतल्याबिगर नाई."

"काळीज हाये का दगड? अवो, ते रडून राह्यली!"

"म्हनूनच नाई," हे म्हणाले. हातातली बाटली त्यांनी सोडली नाही आणि पुढंही केली नाही. मग खिडकीशी वाकून इतक्या मऊ आवाजात बोलले, की तसे माझ्याशीही कधी बोलले नव्हते. "बाई, मीबी त्याईच्यासाठीच विचारून राह्यलो. घाई नाई. तू म्हनशीन तवा."

मला इतकी चीड आली की मी तोंड फिरवलं. माझीच तोड आणि माझ्यापेक्षा ह्यांनाच तिचं कौतुक!

सुभद्राबाईनं डोळे पुसले. दोन्ही हातांनी खिडकीची चौकट धरली. तिला जुळवायला वेळ लागला आणि आवाज असा निघाला, की पुढं कान नेल्याशिवाय ऐकू येईना.

"बीबी माहं सासर, साखरखेर्डा माहेरचं गाव,
दुखन्यातून उठू दे देवा, माहे हिंमतराव."

ह्यांनी हातातल्या बाटलीवरचं लेबल वाचलं. पुटपुटले नाहीत. मी त्यांच्या खांद्यावरून पाहिलं. वर लिहिलं होतं, शेषराव, साखरखेर्डा.

शेषरावाला मुतखड्याची कळ होती, आणि त्या बाटलीत अफूचा अर्क होता. हिंमतराव राहणारा बीबीचा. बायकोला आणायला सासरवाडीला आला आणि तिथंच तापानं पडला. डॉक्टरांनी पाहिलं साखरखेर्ड्यात, पण चिठ्ठीवर गाव लिहिलं त्यानं सांगितलं ते, बीबी. त्याची कूस दुखत होती ती छाती कफानं भरली होती म्हणून. अशा माणसाला अफू पाजली असती तर त्याचं कण्हणं थांबलं असतं, झोपही लागली असती, आणि मग श्वासही थांबला असता. आणि सुभद्राबाई त्याला गाढ झोप लागली म्हणून समाधानानं उशाशी बसून राहिली असती.

मी तिथल्या स्टुलावर बसले. ह्यांनी ती बाटली जागेवर ठेवली, बीबीच्या मांडणीतून दुसरी काढली आणि लेबल मोठ्यानं वाचलं, "हिंमतराव, बीबी." सुभद्राबाईनं ते नाव ऐकलं आणि मान खाली घातली. मग ह्यांनी बाटलीवरच्या कागदी पट्टीच्या खुणा दाखवून, एका वेळी किती द्यायचं ते तिच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. मगच बाटली तिच्या हातात दिली.

ती बाटली पदरात घेऊन निघाली, चार पावलं गेली आणि परत आली.

"साहेब," ती म्हणाली, "चारचौघात नाव घेतलं म्या. त्याईले काही होनार त नाई ना?"

ह्यांचे डोळे भरून आले. रांगेदेखत, मीही तिथं होते तरी, त्यांनी ते पुसलेसुद्धा नाहीत.

"नाव घेतलं तू, बाई," ते म्हणाले, "म्हनूनच आता त्याईले काही होनार नाई."